आधी शर्यत की आधी मैत्रिणी?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्याजणींनाही संदर्भ कळेल. वय ३४. घर इंदूरच्या लोकमान्य नगरात, नोकरी बँकेत, मुलगी पहिलीत. दोन वर्षांपासून हायब्रिड सायकल चालवतेस, सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी २४-२५ किलोमीटरचा वेग सहज राहतो, उज्जैनची जाऊन-येऊन फेरी दोनदा झाली आहे. आता रोड बाईक, म्हणजे वाकड्या हँडलची हलकी शर्यतीची सायकल, घेऊन शर्यतीत उतरायचंय. शिवाय आसपासच्या बायकांना सायकलवर आणायचंय, पण त्या दोन रविवार येतात आणि तिसऱ्या रविवारी फिरकत नाहीत. हाताशी वेळ एवढासा. मग आधी शर्यतीची तयारी करू की आधी मैत्रिणी जमवू, असं विचारलंस.

माझ्या मते ही दोन कामं एकच आहेत. रस्त्यावरची शर्यत घोळक्यात होते आणि घोळक्यात चालवायची सवय घोळक्यातच लागते. आपल्या इंदुरात बायकांचा तसा घोळका आयता मिळत नाही, तो उभा करावा लागतो. मी हे उशिरा शिकले आणि पडून शिकले.

माझी पहिली शर्यत ४० किलोमीटरची होती, सतरा-अठराजणी होत्या. तोवर मी कायम एकटी चालवत आले होते. राजेंद्र नगरातून निघायचं, राऊ, महू, कधी पुढे मानपूर. पायांत जोर भरपूर होता. सुरुवात झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत बाकी सगळ्या एकमेकींच्या मागे चिकटून ओळीत गेल्या. मी घाबरून त्यांच्या बाजूनं, सगळं वारं अंगावर घेत चालले होते. दमले, मग नाइलाजानं ओळीत शिरले. नजर पुढच्या मुलीच्या मागच्या चाकावर खिळलेली. माझं पुढचं चाक तिच्या चाकाच्या डाव्या बाजूनं चार बोटं पुढे गेलं होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. तिनं खड्डा चुकवायला सायकल जराशी डावीकडे घेतली. रबरावर रबर घासल्याचा चर्र आवाज झाला, हँडल हातातून फिरलं आणि मी उजव्या खांद्यावर आदळले. कॉलरबोन मोडलं. ती मुलगी हललीसुद्धा नाही. चाकाला चाक लागलं की पुढची तशीच निघून जाते, पडते ती मागची. सहा आठवडे हात झोळीत घेऊन बसले तेव्हा हिशोब केला: हजारो किलोमीटर चालवले होते, पण दुसऱ्या बाईच्या चाकामागे एक किलोमीटरसुद्धा नाही.

चाकामागे राहण्याचं एवढं महत्त्व का, ते नीट समजून घे. सपाट रस्त्यावर ताशी ३० च्या पुढे गेलं की तुझी बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. त्यात वाऱ्याविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणजे २८ वरून ३२ वर जायचं तर फक्त वाऱ्यासाठीच जवळजवळ दीडपट जोर लावावा लागतो. दुसरीच्या मागे अर्ध्या-पाऊण मीटरवर राहिलीस तर त्याच वेगाला साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. म्हणूनच एकटीनं २६ नं जाणाऱ्या पाचजणी आळीपाळीनं पुढे आल्या तर तासभर ३० नं जातात, आणि घरी पोचतात तेव्हा कोणीच मेलेली नसते. शर्यतीचं सगळं राजकारण यावरच चालतं: कोण पुढे राहून दमतंय, कोण मागे राहून शेवटच्या ३०० मीटरसाठी पाय राखून ठेवतंय.

हे शिकायचं कसं? चारजणी पुरेत. रुंद, मोकळा रस्ता, पहाटेची वेळ. सुपर कॉरिडॉर त्यासाठी उत्तम आहे. पहिल्या दिवशी सायकलभर अंतर ठेवून चाला, मग हळूहळू अर्ध्यावर या. नजर चाकावर ठेवायची नाही. पुढचीच्या कमरेकडे किंवा खांद्यावरून पलीकडच्या रस्त्याकडे बघायचं, चाक आपोआप डोळ्यांच्या कडेत राहतं. पुढे असलेलीनं अचानक ब्रेक मारायचा नाही आणि उभं राहून पेडल मारायच्या आधी जरासा जोर जास्त लावायचा, कारण उठताना सायकल वीतभर मागे येते आणि मागचीच्या चाकाला लागते. खड्डा, खडी, स्पीडब्रेकर दिसला की हातानं दाखवायचं आणि ओरडायचंसुद्धा. आपल्या बायका ओरडायला लाजतात. पहिले दोन रविवार मी प्रत्येकीकडून मोकळ्या रस्त्यावर नुसतं ‘खड्डा उजवीकडे!’ ओरडून घेते. पुढून बाजूला होताना वेग वाढवायचा नाही, जोर किंचित सोडून ओळीच्या शेवटी जायचं. नवीन मुलगी पुढे आली की तिला ‘आता मी दाखवते’ असा चेव येतो, ती ३० ची ३४ करते आणि ओळ तुटते. पुढे आल्यावर वेग आहे तेवढाच राखणं हे सगळ्यात अवघड कसब आहे, आणि ते एकटीच्या सरावात शिकताच येत नाही.

आपल्या देशात मुली सायकलपटू कुठून येतात ते बघ. बिकानेर, विजापूर, बागलकोट. तिथं रस्त्यावर रोज घोळका निघतो. लहान मुलगी मोठ्यांच्या मागे लागून चालवायला लागते आणि पंधराव्या वर्षी तिला चाकामागे बसण्याची भीतीच माहीत नसते. संगमनेरची प्रणिता सोमण, कोल्हापूरकडची पूजा दानोळे या मराठी मुली राष्ट्रीय पातळीवर जिंकताना बघितल्या की मला आनंद होतो आणि हुरहूरही वाटते, की इंदूरच्या मुलींना असा घोळका मिळाला असता तर!

सायकलीबद्दल तू बरंच विचारलंस, पण त्यावर मी फार थांबणार नाही. पहिली रोड बाईक ॲल्युमिनियमची, कार्बनच्या फोर्कची (पुढचं चाक धरणारा चिमटा) घे. पुढे पेडलपाशी ५०-३४ दात्यांच्या चकत्या आणि मागच्या चाकाला ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) असली तर जानापाव डोंगराची चढणही बसून चढता येईल. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे. तुझ्या वजनाला ७० पीएसआयच्या आसपास हवा पुरे. दुकानदार १०० भरून देतात, मग रस्त्यावरची प्रत्येक खडी हाडांत जाणवते. जागतिक सायकल संघटनेच्या नियमाप्रमाणे शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. पण तुझी पहिली सायकल नऊ-साडेनऊ किलोची असली तरी त्यापायी तू हरणार नाहीस.

माप मात्र चुकवू नकोस. बाजारातल्या बहुतेक सायकली पुरुषांच्या मापानं येतात. हँडल ४२ सेंटिमीटरचं, आपले खांदे ३६ ते ३८ चे. मग मनगटं बधिर होतात, मान आखडते आणि बाई म्हणते, ‘मला नाही जमणार हे रोड बाईक प्रकरण.’ अरुंद हँडल आणि आखूड स्टेम (हँडल सायकलीला जोडणारा तुकडा) बदलून घे. ब्रेकच्या लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. आपली बोटं लहान असतात. हा स्क्रू न फिरवल्यामुळे कितीतरीजणी उतारावर ब्रेकपर्यंत बोट पोचत नाही म्हणून घाबरतात, आणि त्यांना वाटतं आपणच भित्र्या आहोत. सीटची उंची अशी धर: टाच पेडलवर ठेवून पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो.

आता सीट. याबद्दल बायका आपसातसुद्धा बोलत नाहीत, म्हणून स्पष्ट लिहिते. मऊ, फुगीर, जेलची सीट घेऊ नकोस. अर्ध्या तासानं ती खाली दबते आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. बसायच्या हाडांखाली आधार हवा आणि मधे खाच हवी. त्या दोन हाडांमधलं अंतर बाईगणिक वेगळं असतं. घरी मोजता येतं: जाड पुठ्ठ्यावर पायरीवर बस, गुडघे जरा वर घे, उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोज आणि त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद सीट बघ. पॅडिंगच्या शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नाही, शिवणी घासतात. घरून निघताना नुसत्या शॉर्ट्समध्ये संकोच वाटत असेल तर वरून सैल ट्रॅक पँट घाल आणि उजव्या पायाला रबर लाव. मी पहिलं वर्ष तसंच चालवलं, वेग त्यानं अडत नाही. ओढणी मात्र नको. चाकात गेलेली ओढणी मी एकदा कापून काढली आहे, तिच्या मालकिणीच्या गळ्यावरचा वळ महिनाभर होता.

सरावाला तुला आठवड्याचे सात-आठ तास मिळतील असं धरते. बहुतेकजणी इथं एकच चूक करतात, रोज मध्यम दमतात. दर वेळी घामाघूम, पण खरा जोर कधीच नाही आणि खरी विश्रांतीही नाही. त्याऐवजी मंगळवारी तासभर, त्यात चार-चार मिनिटांचे चार कडक टप्पे, बोलता येणार नाही एवढे, मधे तीन-तीन मिनिटं सैल. गुरुवारी वीस-वीस मिनिटांचे दोन टप्पे, दोन-चार शब्दच फुटतील अशा जोरानं. शनिवारी पाय मोकळे करण्यापुरती सायकल. रविवारी घोळक्याबरोबर लांबची, गप्पा मारता येतील अशी. पेडलचे फेरे मिनिटाला ८५ ते ९५ च्या आसपास ठेव. जड गिअर दाबत राहिल्यानं गुडघे जातात, आणि आपल्याकडच्या बायका हायब्रिडवर नेमकं तेच करत आलेल्या असतात. घरी आठवड्यातून दोनदा वजनं उचल, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट. तिशीनंतर हाडांसाठी ते लागतंच, सायकल चालवून हाडं बळकट होत नाहीत.

मालव्याचा निसर्ग सोबतीला आहे. आपल्या पठारावर पहाटे गारवा असतो, मे महिन्यातसुद्धा सूर्य वर येईपर्यंत चालवता येतं. तेव्हाचा पश्चिमेचा वारा शिकायला फार चांगला. आडवा वारा आला की ओळ तिरपी करायची असते, पुढचीच्या वाऱ्याआडच्या बाजूला थोडं सरकून. हे टीव्हीवर बघून कळत नाही, सांवेरच्या बाजूला मोकळ्या शेतांमधून वारं कानशिलावर बसलं की पाच मिनिटांत कळतं. फक्त तिरपी ओळ रस्ता अडवते, म्हणून ती रिकाम्या रस्त्यावरच करा. चढासाठी जानापाव, किंवा खंडवा रोडनं सिमरोलच्या आयआयटीच्या फाटकापर्यंत. भैरव घाट एकटीनं करू नकोस. ट्रक, वळणं आणि उतार तिथं एकदमच येतात.

खाण्याबद्दल दोन गोष्टी. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. दोन केळी झाली किंवा राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की. लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे साखर, पाव चहाचा चमचा मीठ आणि लिंबू घातलं की महागड्या पावडरीचं काम होतं. भूक लागायच्या आधी खायचं. परत आल्यावर पोहे-जिलबी खुशाल खा, पण सायकल चालवताना उपाशी राहून वजन उतरवायला जाऊ नकोस. दुसरी गोष्ट उपासांची. चतुर्थी, नवरात्र, हरतालिका यांवर माझी श्रद्धा आहे, पण निर्जळी उपासाच्या दिवशी ७० किलोमीटर मी कोणालाच करू देत नाही. त्या आठवड्याचा आराखडा आधीच बदलायचा.

आणि सराव वाढवण्याआधी रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे पंडुरोग, आणि आपल्याकडे तो घरोघरी आहे. माझ्याकडे एक मुलगी आठ महिने ‘मी आळशी आहे’ म्हणत रडायची, चढावर दोन मिनिटांत थांबायची. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. औषध सुरू झाल्यावर तीन महिन्यांत तीच पुढे असायची. सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली तर ‘बरंच झालं’ म्हणू नकोस. शरीराला खर्चाएवढं खाणं मिळत नाही याची ती खूण असते. त्यात हाडं झिजतात. सरळ डॉक्टरकडे जायचं. पाळीच्या दिवसांत चालवायचं की नाही हे तुझं अंग ठरवेल. माझ्या कितीतरी चांगल्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी झाल्या आहेत.

आता तिसऱ्या रविवारी न येणाऱ्या मैत्रिणी. मी वर्षानुवर्षं कारणं विचारत आले. ‘वेळ नाही’ हे वरचं उत्तर. आत बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघतात. एक, ती मागे पडली, बाकीच्या पुढे निघून गेल्या, चौकात थांबल्या आणि ही पोचताच लगेच निघाल्या. म्हणजे जिला सगळ्यात जास्त विसावा हवा तिला तो मिळालाच नाही. दुसरी, ती ठरल्यापेक्षा पाऊण तास उशिरा घरी पोचली. डबा राहिला, सासूबाईंचा चहा राहिला, नवऱ्यानं तोंड वाकडं केलं. पुढच्या वेळी घरातून निघण्यासाठी लागणारा धीर सायकलीच्या धीरापेक्षा मोठा होता.

दोन्हींवर उपाय साधे आहेत, पण शिस्तीनं पाळायला लागतात. निघायची वेळ सगळे गट ठरवतात, तू परतायची वेळ ठरव. पावणेआठ म्हणजे पावणेआठला राजेंद्र नगर. वारं उलटं असलं, कोणाचं पंक्चर झालं, तरी मधूनच वळायचं, पण पावणेआठ चुकवायचे नाहीत. चार रविवार हे पाळलंस की घरची माणसं घड्याळाकडे बघायचं सोडतात. मी सासरी भांडून जे मिळवू शकले नाही ते वेळेवर परत येऊन मिळालं. आणि सगळ्यात मागे कायम एक पक्की सायकलपटू ठेव. तिनं नवीनच्या मागे राहायचं, उपदेश करायचा नाही, पुढे जायचं नाही. चढावर तिच्या शेजारून तिच्या वेगानं गप्पा मारत चालायचं. हे काम जिचे पाय सगळ्यात ताजे तिला द्यायचं, म्हणजे पहिले महिने तुलाच. तुझी शनिवारची सैल फेरी रविवारच्या पहिल्या तासात टाक, मागे राहूनच. सैल चालवायची शिस्त शर्यतीच्या तयारीतही लागतेच. दुसऱ्या तासाला नवीनजणी परत वळल्या की तुम्ही चौघी ओळ करून जोरात जा.

ज्यांना सायकल येतच नाही त्यांनाही वगळू नकोस. मोठ्या वयात शिकता येत नाही हा गैरसमज आहे. आमच्या मैदानावर ५२ वर्षांच्या एक काकू आल्या होत्या, सुनेची सायकल घेऊन, साडी कमरेला खोचून. त्यांना आधी ओट्याजवळ उभं केलं. दोन्ही पेडलं काढून टाकली. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं. सीट इतकी खाली केली की दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. आणि सांगितलं, ‘काकू, फक्त पायांनी ढकलत चाला, लहान मुलाच्या पांगुळगाड्यासारखं.’ पहिला दिवस टप टप टप. दुसऱ्या दिवशी पावलं लांबली, एकेकदा दोन्ही पाय दोन-तीन सेकंद उचलले गेले. तिसऱ्या दिवशी त्या मैदानाच्या हलक्या उतारावरून पाय वर घेऊन थेट बाभळीपर्यंत गेल्या, आणि वळून मोठ्यानं म्हणाल्या, ‘अगं, मी पडले नाही!’ मग पेडलं लावली. मागून सीट धरून पळणं, सोडून देणं, या प्रकारात मोठी बाई घाबरते आणि ते योग्यच आहे, तिला पडण्याची किंमत माहीत असते. काकू आता सकाळी भाजी सायकलवर आणतात. त्यांची सून आमच्या रविवारच्या ओळीत आहे.

मोठ्या प्रमाणावरही हे घडलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकलींसाठी कर्ज मिळावं म्हणून प्रयत्न केले होते. ते यशस्वी झालं कारण आधी शिकलेल्या बायकाच पुढच्यांना शिकवत गेल्या.

पंक्चर काढता येणं मी पहिल्याच महिन्यात शिकवते. रस्त्यात अडकण्याची भीती गेली की बाईची हद्द पाच किलोमीटरवरून पन्नासवर जाते. इंदूर शहरात रस्ते झाडलेले असतात, काच फारशी लागत नाही, पण बायपासवर ट्रकच्या फाटलेल्या टायरांतली बारीक तार पडलेली असते. केसाएवढी जाड, डोळ्याला दिसत नाही. नवीन ट्यूब घालतात, शंभर मीटरवर पुन्हा फुस्स. म्हणून चाक काढलं की टायरच्या आतून बोट फिरवायचं, हलक्या हातानं, दोन्ही दिशांना. टोचलं की तिथंच थांबायचं आणि चिमट्यानं तार ओढून काढायची. मग नवीन ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती बसवायची आणि टायरची शेवटची वीत टायर काढायच्या लिव्हरनं न ढकलता अंगठ्यांनी आत सारायची, नाहीतर लिव्हरच ट्यूब चावतो. घरी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून पाच वेळा कर. मुलीला शेजारी बसव, ती तुझ्याआधी शिकेल.

सुरक्षेचं थोडक्यात. अंधारात निघताना पुढे-मागे दिवा, हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा बंद, चालू लोकेशन घरी पाठवलेलं. कोणी मोटारसायकलवर मागे लागला तर वेग वाढवू नका, सगळ्यांनी जवळच्या पेट्रोल पंपावर किंवा चहाच्या टपरीवर थांबा आणि ११२ लावा. कुत्रा अंगावर आला तर उतरून सायकल मधे धरा. बहुतेक कुत्री पळत्या चाकामागे येतात, थांबलेल्या चाकात त्यांना गोडी नसते.

शर्यतीबद्दल शेवटी. पहिली शर्यत टाइम ट्रायल निवड. तिथं एकेकीला ठरावीक अंतरानं सोडतात, कोणाच्या चाकामागे राहायला मनाई असते, चाकाला चाक लागण्याचा धोका नसतो आणि निकाल फक्त घड्याळ लावतं. घोळक्याची शर्यत सहा महिने ओळीत चालवल्यावर. बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करायची सायकल फेरी, तिला शर्यत समजू नकोस. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात, तिथं कोणी पहिली-दुसरी येत नाही. पण रविवारच्या घोळक्याला एकत्र बांधायला फार चांगलं ध्येय आहे ते. राज्याच्या निवड चाचणीला जायचं असेल तर राज्य संघटनेकडे नोंदणी कर आणि मन घट्ट करून जा. तिथं एकोणीस-वीस वर्षांच्या मुली असतील आणि त्या वेगवान असतील. खुल्या शर्यतींत मात्र बऱ्याच ठिकाणी वयोगट असतात.

वयाचं मनाला लावून घेऊ नकोस. २०२२ मध्ये बायकांची टूर द फ्रान्स फॅम जिंकली ती नेदरलँड्सची ॲनमिक फान फ्लॉयटन ३९ वर्षांची होती. टोकियो ऑलिंपिकची १३७ किलोमीटरची शर्यत जिंकणारी ऑस्ट्रियाची ॲना किझेनहोफर गणितातली पीएचडी, तिच्यामागे व्यावसायिक संघही नव्हता. सुरुवातीलाच पुढे निसटली आणि मागच्यांना तिचा विसर पडला. पण मला तुझ्यासाठी सगळ्यात जवळची वाटते ती क्रिस्टन फॉकनर. नोकरी करत असताना न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बायकांसाठी भरलेल्या नवशिक्यांच्या शिबिरात ती २०१७ मध्ये रोड सायकलिंग शिकली, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. ते शिबिर कोणीतरी भरवलं होतं म्हणून ती तिथं गेली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची पहिली रोड रेस १८९६ ला झाली, बायकांची पहिली १९८४ ला. ८८ वर्षांची ती तूट अजून भरून निघालेली नाही, आपल्या गावच्या शर्यतीतही दिसते. एका शर्यतीत आमचा गट सगळ्यात शेवटी सोडला, आणि आम्ही अर्ध्या वाटेवर असताना बंदोबस्त उठवून रस्ता खुला केला. शेवटचे नऊ किलोमीटर आम्ही टेंपो आणि रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत स्प्रिंट मारली. तेव्हापासून नाव नोंदवण्याआधी मी आयोजकांना तीन प्रश्न विचारते: बायकांचा गट कितीला सुटणार, रस्ता कितीपर्यंत बंद, आणि बक्षिसाची रक्कम पुरुषांएवढी आहे का. एकटीनं विचारलं तर टाळतात. आठजणींनी मिळून विचारलं तेव्हा पुढच्या वर्षी वेळ बदलली होती.

येत्या रविवारी सव्वापाचला राजेंद्र नगरच्या मैदानाच्या फाटकाशी ये. राऊवरून महू आणि परत, पावणेआठला घरी. दोन केळी, एक ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप आण. हायब्रिडच आण, नवी सायकल घ्यायची घाई नको. तुझी ती मैत्रीण, जी सायकल नाही म्हणून मागे राहते, तिला घेऊन ये. माझी जुनी सायकल आहे, तिची उंची मला कळव, म्हणजे सीट आदल्या रात्री खाली करून ठेवते.